आगटे मास्तरांचं दुकान

आगटे मास्तरांच्या दुकानातून कधी कुणी रिकाम्या हातानं परत गेलं नाही. त्या दुकानात विकायला काहीच नव्हतं, हा भाग वेगळा.

दुकान म्हणजे भोरच्या आमच्या हायस्कुलातला इंग्रजी दुसरीचा वर्ग. शाळा सकाळची भरायची आणि पहिला तास इंग्रजीचा असायचा. दोन बाकं जोडली की काउंटर झालं. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून मागून आणलेले बिस्किटांचे, चहाचे, सिगारेटींचे रिकामे डबे त्यावर ओळीनं मांडायचे. दोन करवंट्या आणि एक फूटपट्टी, झाला तराजू. काउंटरच्या मागं आगटे मास्तर. काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि त्यातलं एक बटण कायम दुसऱ्याच कोटाचं. मी त्याच शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. डब्यांवरची शुगर, टी, सोप ही नावं मी रंगवलेली. स्पेलिंग ते सांगायचे, अक्षरं मी काढायचो. माझं इंग्रजी त्या डब्यांच्या पुढं कधी गेलं नाही आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही.

तास संपला की डबे माझ्या ड्रॉइंगच्या कपाटात ठेवायचे आणि सकाळी पुन्हा वर्गात नेऊन द्यायचे, अशी आमची वहिवाट होती. त्यामुळं त्यांचं दुकान मी रोज दारात उभा राहून पाहिलेलं आहे.

एकेक मुलगा गिऱ्हाईक होऊन पुढं यायचा. "गुड मॉर्निंग, सर. हॅव यू एनी शुगर?"

"सर्टनली, सर. हाउ मच वुड यू लाइक?" मास्तर किंचित वाकून विचारायचे.

गुंजवण्याची, वेल्ह्याची, खोऱ्यातली पोरं ती. आठवड्याच्या बाजाराखेरीज त्यांनी दुकान पाहिलेलं नसायचं. ती पोरं आगटे मास्तरांकडून केक घ्यायची, लोकरीचे हातमोजे घ्यायची, आणि एकदा तर एकानं छत्री ठेवायचा स्टँड घेतला. हातमोजे कसे असतात ते पोरांनी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मास्तरांनीही पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं इंग्रजी दुकानातलं संभाषण शिकवणारा हा माणूस उभ्या जन्मात एकदाही इंग्रजी दुकानात शिरलेला नव्हता. सगळं पुस्तकातलं. पण दुकानदारीचे त्यांचे नियम मात्र कडक होते. दुकानात शिरल्यावर आधी नमस्कार, मग वस्तू, आणि भाव सगळ्यांत शेवटी. गिऱ्हाईक निघालं की दुकानदारानं लगेच बसायचं नाही. गिऱ्हाईक पायऱ्या उतरून दिसेनासं होईपर्यंत उभं राहायचं. वर्गाला पायऱ्या नव्हत्या. पण मुलगा आपल्या बाकावर जाऊन बसेपर्यंत मास्तर काउंटरमागं ताठ उभे असायचे.

हे खूळ शाळेपुरतं असतं तरी चाललं असतं. भोरच्या बाजारातही त्यांची तीच तऱ्हा. भाजीवाल्या सगुणाबाईपुढं कोथिंबिरीचा ढीग पडलेला असायचा, आणि हे टोपी सारखी करून विचारायचे, "नमस्कार, बाई. आज आपल्याकडं कोथिंबीर आहे का?"

"डोळं हायती न्हवं, मास्तर? ह्यो ढीग काय मंग गवताचा हाय व्हय?" सगुणाबाई म्हणायची.

"असेल तर एक जुडी द्यावी."

"द्यावी म्हनं! घ्या की उचलून."

मास्तर उचलायचे नाहीत. ती देईपर्यंत हात पुढं करून उभे राहायचे. सगुणाबाई कुरकुरत जुडी द्यायची, पण वर दोन मिरच्या टाकायची. इतर गिऱ्हाइकांना ती मिरची फुकट देत नसे.

त्यांच्या सगळ्या नियमांत एक नियम असा होता की त्याच्यावरून मी त्यांची पुष्कळ थट्टा केली. त्यांच्या दुकानात 'नाही' म्हणायचं नाही. पुस्तकातल्या धड्यात एके ठिकाणी दुकानदार म्हणतो की माफ करा, ती वस्तू आमच्याकडं नाही. वर्ष सुरू झालं की मास्तर मुलांना पहिल्याच आठवड्यात दौत-टाक काढायला लावायचे आणि ते वाक्य खोडायला सांगायचे. नुसतं ते वाक्यच नव्हे, त्याच्यापुढच्या दोन ओळीही. धडा तिथून एकदम 'थँक यू'वर जायचा.

कारण विचाराल तर भवानी. दिवसातल्या पहिल्या विक्रीला आमच्याकडं भवानी म्हणतात, आणि भवानीच्या वेळी कुठलाही दुकानदार तोंडातून 'नाही' काढत नाही. गिऱ्हाइकानं मागितलेलं दुकानात नसेल तर दुसरं काही देईल, शेजारच्या दुकानातून आणून देईल, पण विन्मुख पाठवणार नाही. आगटे मास्तरांचे वडील वेल्ह्याच्या बाजारात मीठ-मिरचीचं दुकान चालवायचे. त्यांचा हा दंडक मुलानं इंग्रजी धड्याला लावला होता. "माझं दुकान पहिल्या तासाला उघडतं, ड्रॉइंगमास्तर," ते म्हणायचे. "सकाळच्या प्रहरी पोरांच्या तोंडी अभद्र कशाला?"

एकदा पुण्याहून इन्स्पेक्टर आले. गोरेपान, मिशीतल्या मिशीत हसणारे गृहस्थ. दुकान बघून खूश झाले आणि स्वतःच गिऱ्हाईक झाले. काउंटरमागं किराणावाल्याचा मुलगा पोपट उभा होता. साहेबांनी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "हॅव यू एनी एलिफंट्स?"

"सर्टनली, सर," पोपट वाकून म्हणाला. "हाउ मेनी वुड यू लाइक?"

इन्स्पेक्टर टेबलाला धरून हसले. हेडमास्तर हसले, म्हणून आम्हीही हसलो. वर्ग हसला. आगटे मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही. पोरानं बरोबर उत्तर दिलं होतं. पुढं कितीतरी दिवस मी त्यांना रस्त्यात गाठून हत्ती आले का, म्हणून विचारायचो. आता ते आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

घरीही एक दुकान होतं. मास्तरांची बायको लवकर गेली. मागं एकच मुलगी, मथू. मुलीला इंग्रजी शाळेत घालायची त्या वेळी कुणाची प्राज्ञा नव्हती, मास्तरांचीही नव्हती. पण संध्याकाळी ओटीवर पाट मांडून ते दुकानदार व्हायचे आणि मथू पिशवी घेऊन गिऱ्हाईक व्हायची. वर्गातल्या 'सर'च्या जागी घरी 'मॅडम'. आणि घरच्या दुकानात एक मोठा फरक होता. तिथं 'सर्टनली, मॅडम' म्हटलं की वस्तू द्यावी लागे. मथूनं हिरव्या काचेच्या बांगड्या मागितल्या की पुढच्या बाजारी बांगड्या यायच्या. रिबीन मागितली, रिबीन आली. पिवळ्या केसांची बाहुली मागितली तेव्हा अख्ख्या भोरात ती मिळेना. मग मास्तरांनी अंबाडीचा वाख हळदीत रंगवून स्वतः बाहुली केली. डोळे रंगवायला माझ्याकडं आले होते. हट्टी मुलगी नव्हती ती. बाप देऊ शकेल तेवढंच मागायची. तिला नाही म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही, यात तिचाही हात होता असं मला वाटतं.

पुढं मथूचं लग्न वेल्ह्याला झालं. जावई कचेरीत कारकून, माणूस सरळ. माहेरी आली की ती दारातूनच ओरडायची, "गुड मॉर्निंग, शॉपकीपर!" मास्तर पळत बाहेर यायचे.

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई पूर्वेकडं पसरली आणि बाजारातून एकेक जिन्नस दिसेनासा झाला. रॉकेल गेलं, साखर गेली, धडसा कागदही मिळेना. आणि कोयनेल गेलं, इंग्रजीतलं क्विनाइन. तोरण्याच्या पायथ्याला पावसाळा सरला की घरोघर हिवताप असतोच. अंगात हीव भरलं की माणसं दवाखान्यातून कोयनेल आणायची, कडूजहर घोट घशाखाली ढकलायची आणि चार दिवसांनी भात कापायला उभी राहायची. त्या वर्षी दवाखान्यातच कोयनेल नव्हतं. जे होतं ते फौजेकडं जातंय, असं सांगत.

ऐन भातकापणीच्या तोंडावर मथूच्या सासरचा शेजारी धोंडिबा तांदूळ घेऊन भोरला आला आणि गाडी तशीच मास्तरांच्या दारात उभी केली. मी तेव्हा तिथंच होतो.

"मास्तर, ताईस्नी थंडीताप भरलाय. उतरंना," धोंडिबा म्हणाला. "दवाखान्यात कोयनेल न्हाई. जावईबापू म्हनलं, पुन्याला गावंल. तुमास्नी विंग्रजी येतं, सायबाच्या दुकानात तुमी जावा."

मास्तरांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "तिला सांग, आणतो."

आम्ही दोघं पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं पुण्याला निघालो. पेट्रोल नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. कात्रजच्या घाटात तिनं दम टाकला, तेव्हा आम्ही सगळ्या उतारूंनी उतरून ढकलली. ढकलतानाही मास्तर पुटपुटत होते. गुड मॉर्निंग, मॅडम. हॅव यू एनी क्विनाइन. मी ड्रॉइंगच्या परीक्षा पुण्यात दिलेल्या, म्हणून मला कॅम्पाचा रस्ता ठाऊक होता. तिथं औषधांचं एक मोठं इंग्रजी दुकान होतं. काचेचं दार, आत काचेची कपाटं, छताला पंखा. मास्तरांनी बाहेर वहाणा काढल्या. पेठेतल्या गादी घातलेल्या दुकानात शिरताना काढतो तशा. त्यांनी काढल्या म्हणून मीही काढल्या. दारातले दोन गोरे सोजीर आमच्या पायांकडं बघत राहिले.

काउंटरमागं एक प्रौढ मडम होती. मास्तर वाकले. "गुड मॉर्निंग, मॅडम. हॅव यू एनी क्विनाइन?"

ते वाक्य त्यांनी इतकं सुंदर म्हटलं की मला, इंग्रजी न येणाऱ्या माणसाला, अभिमान वाटला.

"आय ॲम सॉरी," मडम म्हणाली. "वुई हॅव नन."

वाईट बाई नव्हती ती. आवाजही मऊ होता. मास्तर आणखी काही विचारतील म्हणून ती त्यांच्याकडं बघत थांबली. मास्तरही तिच्याकडं बघत थांबले. तिच्याकडून काही राहून गेलंय, ते ती आता म्हणेल, अशा आशेनं. पंखा फिरत होता. मग मास्तर म्हणाले, "थँक यू, मॅडम," आणि वळले.

बाहेर वहाणा पायात घालताना त्यांचा तोल गेला. मी दंड धरला. "ड्रॉइंगमास्तर," ते म्हणाले, "ह्याच्यापुढं धड्यात गिऱ्हाइकाचं एक वाक्य आहे."

"कोणतं?"

"तेच आठवत नाही. दर वर्षी मीच खोडायला लावलं."

आम्ही पेठांतली औषधाची दुकानं पालथी घातली. तिथं विचारायला मराठी पुरत होतं आणि तिथंही कोयनेल नव्हतं. शेवटी एका काष्ठौषधीवाल्यानं तापावरचं काडेचिराईत बांधून दिलं. तेही कडूच. मोटारीच्या अड्ड्यावर बसलो असताना मास्तर एकदम उठून उभे राहिले. "कॅन यू टेल मी व्हेअर आय कॅन गेट सम?" ते म्हणाले. "कुठं मिळेल ते सांगाल का, असं विचारायचं असतं! ती त्यासाठीच थांबली होती!"

आम्ही जवळजवळ धावत कॅम्पात गेलो. दुकान बंद. शनिवार होता. इंग्रजी दुकानं शनिवारी दुपारी बंद होतात ती एकदम सोमवारी उघडतात, हे त्या धड्यात कुठं नव्हतं. मास्तर काचेला कपाळ टेकून आत बघत राहिले. मडमेला तरी काय ठाऊक असणार, तिनं कुठं पाठवलं असतं तरी तिथंही नसतंच, असं मी त्यांना तेव्हा सांगितलं, नंतरही पुष्कळदा सांगितलं. माझं मत आजही तेच आहे. त्यांना ते कधी पटलं नाही. सोमवारपर्यंत थांबायची सोय नव्हती. पोरीची वाट बघणारी नजर त्यांना पुण्यात बसू देईना.

नसरापूरला मोटार सोडली. धोंडिबा ठरल्याप्रमाणं गाडी घेऊन आला होता. मास्तर गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "गावलं न्हवं, मास्तर?"

मी मान हलवली. धोंडिबानं बैलांची शेपटी पिरगाळली. "फौजेला न्हेत्यात म्हनं समदं," तो बऱ्याच वेळानं म्हणाला. "आमची पोरं बी फौजेतच हायती की. त्यास्नी तरी गावू दे."

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला पोचलो तेव्हा दुपार टळत होती. मथू माजघरात गोधडीखाली होती. शेजारची हौसाबाई तिचे पाय दाबत बसली होती. "लई वाट बगितली पोरीनं," ती म्हणाली. "सारकं योकच, अण्णा आनत्याल, अण्णा आनत्याल."

मास्तर अंथरुणाशी बसले. मथूनं डोळे उघडले. ओठ फुटलेले, चेहरा मेणासारखा. तरी ती हसली. "गुड मॉर्निंग, शॉपकीपर," ती म्हणाली. आवाज जेमतेम ऐकू येत होता. "हॅव यू एनी क्विनाइन?"

मी दाराशी होतो. जावई माझ्या शेजारी उभा होता. आम्ही दोघांनीही त्या क्षणी तिथं असायला नको होतं.

"सर्टनली, मॅडम," मास्तर म्हणाले.

हौसाबाईनं काडेचिराईत उकळून आणलं. मास्तरांनी वाटी मथूच्या ओठांना लावली. लहानपणापासून दर पावसाळ्यानंतर कोयनेल प्यालेली मुलगी ती. ती चव तिला माहीत होती. एक घोट घेऊन तिनं बापाकडं पाहिलं. मग सगळी वाटी संपवली, "थँक यू" म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. तिला कळलं होतं. तिला कळलंय हे मास्तरांनाही कळलं होतं. त्यानंतर ती शुद्धीवर अशी आलीच नाही. त्या घरात त्या वर्षी आकाशकंदील लागला नाही.

दिवस-वार झाल्यावर मास्तर शाळेत आले. त्या सत्रानंतर ते नोकरी सोडून भोरमधून गेले आणि मला पुन्हा दिसले नाहीत. म्हणून माझ्या आठवणीतले आगटे मास्तर, ते शाळेत परतले त्या सकाळपाशी थांबले आहेत.

मला वाटलं होतं, ते डबे मागणार नाहीत. त्यांनी मागितले. मी नेऊन दिले आणि दाराशी थांबलो. मुलांनी बाकं जोडली. मास्तर आज काउंटरच्या अलीकडं, गिऱ्हाइकाच्या जागी उभे राहिले. पलीकडं त्यांनी पोपटला उभं केलं, त्याच वर्षी इन्स्पेक्टरांना हत्ती देऊ करणाऱ्या पोपटला.

"हॅव यू एनी क्विनाइन?"

"सर्टनली, सर," पोपट वाकला. "हाउ मच वुड यू लाइक?"

"तसं नाही," मास्तर म्हणाले. "नाही म्हण. आय ॲम सॉरी, वुई हॅव नन. म्हण."

पोपट समोरचे डबे सारखे करू लागला. मास्तरांनी पुन्हा विचारलं. पोपटचे कान लाल झाले. मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या पोराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सर, सकाळच्या पारी कसं म्हणू?" तो म्हणाला. "भवानीची वेळ आहे."

मास्तर त्याच्याकडं बघत राहिले. रागावले नाहीत. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला जागेवर पाठवलं. मग बाकांना वळसा घालून ते स्वतः काउंटरमागं गेले, आपल्या नेहमीच्या जागी. टोपी सारखी केली. समोर कुणी नव्हतं.

"आय ॲम सॉरी, मॅडम," ते म्हणाले, किंचित वाकून. "वुई हॅव नन."

मी पुढं होऊन डबे आवरायला हवे होते, पण मला पाऊल उचलेना. मास्तर बसले नाहीत. गिऱ्हाईक पायऱ्या उतरून दिसेनासं होईपर्यंत दुकानदारानं उभं राहायचं असतं. ते दाराकडं बघत उभे राहिले, आणि घंटा झाली तरी उभेच होते.